"गोष्ट ठावक नाय तर बघतंस काय गो?" : आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्या कोणीतरी

काजूबोंड (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस असा काय लागला की छपरावरची डिश नुसती शोभेला. आजीची संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्हीसमोर ड्युटी असते, ती बिचारी पडवीत येरझाऱ्या घालायला लागली, मांजराला उगाच ओरडायला लागली. म्हणून मी मोबाईलवर रात्रीस खेळ चाले या मालिकेचा दुसरा सीझन लावून दिला, तांदळाच्या डब्याला टेकवून. मी तो तेव्हा धड बघितला नव्हता, 2019 मध्ये मी कोल्हापूरला हॉस्टेलवर होते. आजीने तिन्ही सीझन बघितलेत, आणि दुपारचे रिपीट धरले तर काही एपिसोड तीन-तीनदा.

आता बघताना ती गप्प बसेल तर शपथ. शेवंता (अण्णा नाईकांची बाहेरची बाई) पहिल्यांदा दिसली तशी म्हणाली, "हीच ती. आता बघ." मग हा हिचा काटा काढणार, तो त्याला फसवणार, घरातला विसरभोळा गडी पांडू आता "इसारलंय" म्हणणार, सगळं पाच मिनिटं आधी. मी वैतागले, म्हटलं अगो आजी सांगू नको ना, मजा जाते सगळी. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी काय मीच खुळी. म्हणाली, "गोष्ट ठावक नाय तर बघतंस काय गो?"

ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. कारण विचार केला तर तिचंच बरोबर वाटतं. पहिला सीझन 2016 ला सुरूच झाला वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या मरणाने, आणि दुसऱ्यात त्याआधीची गोष्ट. म्हणजे दुसऱ्या सीझनला अण्णा कितीही मिशीला पीळ देऊदेत, हा माणूस मरणार हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं, तरी रात्री साडेदहाला अख्खी वाडी टीव्हीला चिकटलेली असायची असं आई सांगते. आणि जुनं सोडा, आजची बघा. ठरलं तर मग डिसेंबर 2022 ला सुरू झाली. सायली हीच किल्लेदारांची हरवलेली खरी तन्वी आणि प्रिया खोटी, हे आपल्याला ठाऊक, आजीला ठाऊक, आमच्या दूधवाल्याला ठाऊक, किल्लेदारांच्या घरातल्यांनाच तेवढा पत्ता नव्हता, आणि यावर वर्षंच्या वर्षं निघाली. मी स्वतः वेबसिरीज बघताना कोणी शेवट सांगितला तर दोन दिवस बोलत नाही त्याच्याशी. मग मालिकेला हा नियम का लागू होत नाही? आपण नक्की काय बघतो तिथे?

आणि एक जाता जाता, अण्णा नाईक हा एवढा वाईट माणूस लोकांना आवडतो का? मला पण आवडला, म्हणून विचारतेय.

रापणकर (मालवण)

आमच्याकडे प्रश्नच नाय. लाईट असली तर बघतव, गेली तर बायको पुढचा सांगता. तिचा सांगणा सिरियलपेक्षा बरा असता, जाहिराती नसतत.

पायपेटी (कुडाळ)

काजूबोंड ताई, तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी जे विचारलं ते दशावतार बघितलेलं माणूसच विचारू शकतं.

मी एका दशावतारी कंपनीत पायपेटीवर (पायाने भाता मारायची पेटी) बसतो, कंपनीचं नाव राहूदे. आमच्याकडे संहिता नसते हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. संध्याकाळी टेम्पो गावात पोचतो, पेटारा देवळात ठेवायचा, जेवायचं, मग चालक सांगतो की आज अमुक आख्यान, तू राजा, तू ऋषी, तू स्त्रीपार्ट. तोंडाला रंग लावता लावता कथा ठरते. बोलायचं काय ते ज्याचं त्याने उभं राहिल्यावर बघायचं. देवीची पालखी फिरून झाली की मध्यरात्री कधीतरी गणपतीपासून सुरुवात, आणि मग आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासूर येतो. तो वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो. हंगामात शंभरावर प्रयोग, प्रत्येक रात्री तो वेद पळवतो आणि प्रत्येक रात्री मरतो. समोर बसलेल्या एकाही माणसाला अजून असं वाटलं नाही की आज कदाचित वाचेल हो. पण संकासूर आला की पोरं आईच्या पाठीमागे, आणि एक डोळा बाहेर! ती पोरं काय बघतात? तर आज जो संकासूर झालाय तो कसा नाचतो, काळ्या तोंडातून ती लाल जीभ कशी काढतो, आणि मेन म्हणजे बोलतो काय. गावच्या सरपंचाला टोमणा मारतो की पुजाऱ्याला, की पुढे बसून पेंगणाऱ्या माझ्यासारख्या पेटीवाल्याला.

आता अण्णांचं. आमच्या नाटकात ब्रह्मदेव, विष्णू, राजे सगळे एकदम ग्रंथिक बोलतात, "हे देवाधिदेवा" वगैरे. संकासूर एकटा मालवणीत बोलतो. राक्षस तो, पण सगळ्या रंगमंचावर आपल्यासारखं बोलणारा तोच एक. म्हणून तो भितीचा पण आणि आपला पण. मला विचाराल तर अण्णा नाईक म्हणजे कोट-टोपी घातलेला संकासूर आहे. माधव अभ्यंकरांनी काय केलं तर नुसतं वाईट नाही केलं, त्या वाईटाला मजा दिली. माणसाला धमकी देताना पण आवाजात चव घेतल्यासारखं. आमच्याकडचा मुरलेला नट अगदी तेच करतो, त्याला घाई नसते, बाकड्यावर नुसता बसला तरी लोक बघतात.

आणि याच कारणाने तिसरा सीझन, 2021 चा, माझ्या घरात कोणाला रुचला नाही. अण्णा जिवंत होते तेव्हा दारात चपला वाजल्या तरी त्यांच्या बायकोच्या, माईच्या हातातलं भांडं थरथरायचं. भूत झाल्यावर काय, कुठूनही येतात, कुठेही दिसतात, भिती वाटणार कधी? जिवंत माणूस काय करेल त्याची भिती मोठी असते. आमचा मेलेला संकासूर परत रडत येत नाही, तो आत जाऊन तोंड पुसतो आणि आख्यानातल्या दुसऱ्या पात्राचा रंग लावायला घेतो, कारण माणसं कमी असतात. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, म्हणतात ते उगीच नाही.

लिहिण्याच्या नादात लांबलं. उद्या प्रयोग नाही म्हणून.

गुरुवारची_वाट (सावंतवाडी)

ठरलं तर मग तर त्याच्याही पुढची गंमत आहे, तो सन टीव्हीवरच्या रोजा या तामिळ मालिकेवरून घेतलाय आणि ती 2018 ते 2022 अशी होऊन संपलेली आहे. म्हणजे ज्याला घाई आहे त्याने जाऊन वाचावं. कोणी वाचत नाही. दर गुरुवारी टीआरपी येतो तेव्हा मी बघतो, कित्येक आठवडे हीच वर. आणि हो, टीआरपी म्हणजे आपण सगळे बघतो तो आकडा नव्हे, देशभरात 50 हजारांहून जास्त घरांत मीटर लावलेत त्यावरून काढतात, त्या घरातल्या माणसांनी बघायला बसताना रिमोटवर आपापलं बटण दाबायचं असतं. मराठीचा बाजार महाराष्ट्र आणि गोवा मिळून धरतात. त्यामुळे काजूबोंडच्या आजीने अण्णांना कितीही शिव्या घातल्या तरी त्या मोजल्या गेलेल्या नसण्याची शक्यता जास्त.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

पायपेटी दादा, लिहिलंय फार छान, दोनदा वाचलं, पण दोन गोष्टी खटकल्या त्या बोलते. पहिली साधी. सगळं कोकण म्हणजे सिंधुदुर्ग नव्हे हो. आमच्याकडे दशावतार नाही, आमच्याकडे नमन-खेळे, आणि आमचा संकासूर शिमग्यात घुंगरं वाजवत थेट दारात येतो, देवळासमोर थांबत नाही. टीव्हीवाले कोकण दाखवायचं म्हटलं की लगेच मालवणी लावतात, मग चिपळूण-संगमेश्वरकडची माणसं आपली बोली कुठे ऐकणार? ती ऐकायला मिळाली हास्यजत्रेत, प्रभाकर मोरे आणि ओंकार भोजने बोलतात तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडतात, विनोदाला कमी आणि शब्दाला जास्त. माझे सासरे तर मध्येच थांबवून सांगतात की हा शब्द आमच्या आवशीचा.

दुसरी गोष्ट सोपी नाही. अण्णा आवडतो. ठीक आहे, मला पण तो नट आवडतो. पण "त्या वाईटाला मजा दिली" हे वाचून मला कसंसंच झालं, कारण ती मजा कोणाच्या जिवावर? माईच्या. आणि शेवंताच्या. 2019-20 मध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एखादी जरा गजरा माळून आली की हसत "काय शेवंता" म्हणायचे, आणि म्हणणाऱ्या बायकाच. अण्णा म्हटलं कोणाला तर तो छाती फुगवायचा. एकाच मालिकेतली दोन नावं, एकाचं कौतुक झालं आणि एकीची शिवी. अपूर्वा नेमळेकरने ती बाई इतकी जीव ओतून केली होती, तिची भूक, तिचा हव्यास, तिचा तो अपमान गिळणं, आणि लोकांनी त्यातून काय उचललं तर साडी आणि नजर.

आता लक्ष्मी निवास ही मालिका बघा. तो जयंत. बायकोवर प्रेम म्हणून घरभर कॅमेरे, ती कोणाशी बोलली की याचं डोकं फिरणार. मेघन जाधव काम चोख करतो याबद्दल वादच नाही, तो नुसता हसला तरी मला सोफ्यावर पाय वर घ्यावेसे वाटतात. पण खालच्या कमेंटी वाचा, "किती प्रेम करतो", "असा नवरा पाहिजे". अगं बाई माझे! तुझ्या नवऱ्याने तुझा फोन बघितला तरी तू आठवडाभर माहेरी जाऊन बसशील.

बाकी मूळ प्रश्नावर माझं उत्तर जरा वेगळं आहे. आपल्याला ठाऊक आणि त्या घरात ठाऊक नाही, हे टीव्हीनेच शोधून काढलं असं नाही. वाडीत राहिलेल्या माणसाला विचारा. कोणाचा मुलगा मुंबईत काय करतो, कोणाच्या नवऱ्याची मोटरसायकल दुपारी कुठल्या बांधाला उभी असते, हे एसटीच्या कंडक्टरला पण ठाऊक असतं, फक्त त्या घरातल्या बाईला नसतं. किंवा असतं, पण ठाऊक नसल्यासारखं तिला वावरावं लागतं, हळदीकुंकवाला जावं लागतं, बाकीच्यांच्या नजरा चुकवत वाण घ्यावं लागतं. मी माईकडे बघते तेव्हा मला ते दिसतं. तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. प्रेक्षकाएवढंच. आपण उठून रिमोट बंद करू शकतो एवढाच फरक.

चाकरमानी_डोंबिवली (मूळ गाव देवगड)

खाडीपलीकडे ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला हात जोडतो.

पण मंडळी, कोणीच मेन गोष्ट बोलत नाहीये. ती भुताची सिरियल नव्हतीच. ती सातबाऱ्याची सिरियल होती.

पहिला सीझन आठवा. बाप मेला. मुलं जमली. दत्ता गावात राहिलेला, शेती बघणारा, त्याची बायको सरिता राबणारी. माधव मुंबईत, त्याची बायको नीलिमा शिकलेली, भूतबित न मानणारी. लहान अभिराम लग्नाचा. मुलगी छाया घरात. आणि मग बाहेरून एक बाई येऊन म्हणते माझा पण हक्क आहे. आता यातून झाडावरची बाहुली, मंत्र, रात्रीचे आवाज सगळं काढून टाका. काय उरतं? माझं घर उरतं. माझ्या आजोबांच्या नावाच्या सातबाऱ्यावर आज 23 नावं आहेत, त्यातली 6 माणसं हयात नाहीत आणि दोघांना मी आयुष्यात बघितलेलं नाही. घराची मागची भिंत 2021 च्या वादळात गेली, ती बांधायची कोणी यावर दर गणपतीला मीटिंग होते. गावात राहिलेला चुलतभाऊ म्हणतो मी बारा महिने राखण करतो, माड मी शिंपतो, कौलं मी परततो, तुम्ही आंब्याच्या पेट्या न्यायला येता. आम्ही म्हणतो पैसे आम्ही पाठवतो. दोघांचं खरं आहे, म्हणून तर मिटत नाही. आरती झाली, मोदक खाल्ले, भांडलो, एसटी पकडली. पुढच्या भाद्रपदात पुढचा भाग.

अशा घरात रात्री माडी वाजली तर ती उंदराने वाजवली असं कोण म्हणेल? प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने काहीतरी केलंय. नारळ कोणी उतरवला, तिठ्यावर लिंबू कोणी टाकलं. भूत हे संशयाला दिलेलं नाव आहे एवढंच. आणि पायपेटी म्हणतात तो अण्णा, कोट-टोपीवाला, तो माझ्या आजोबांच्या पिढीला चांगला ओळखीचा. खोती 1949 च्या कायद्याने गेली, कुळकायदा आला, पण ओट्यावर बसून "जमीन कोणाची?" असं विचारणारा आवाज एकदम गेला नाही ना. तो आवाज अण्णाकडे होता. आवडतो का म्हणून विचारलंत काजूबोंड, तर मला वाटतं आता तसा दम कोणाकडे उरला नाही, सगळे तलाठ्याकडे चकरा मारणारे आपण, म्हणून टीव्हीवर बघायला बरं वाटतं. घरात असता तर विष घातलं असतं.

आता एक तक्रार. भाषा. पहिल्या सीझनच्या सुरुवातीला कानाला लागली ती मालवणी कुठे आणि नंतरची कुठे. पुढे पुढे नुसतं वाक्याच्या शेवटाला "जातंय, येतंय" चिकटवलं की झाली मालवणी, मधलं सगळं दादरचं. म्हणे लोकांना कळत नाही. अहो वस्त्रहरण 1980 पासून मुंबईत चाललं, हजारो प्रयोग झाले, मच्छिंद्र कांबळी बोलायचे ते पुणेकराला काय सगळं कळत होतं? हसत होते ना!

आणि तेव्हा गावाकडून जो विरोध झाला होता 2016 ला, की कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, त्यातली निम्मी माणसं नंतर आकेरीला त्या शूटिंगच्या वाड्यासमोर फोटो काढायला उभी. माझ्या मावशीसकट.

पायपेटी (कुडाळ)

चाकरमानी भाऊ, सातबाऱ्याचं पटलं, एकदम पटलं. भाषेचं अर्धं पटलं. नाटकाला माणूस तिकीट काढून येतो, दोन तास बसतो, कळलं नाही तर शेजारच्याला विचारतो. मालिकेत बाई कुकर लावता लावता ऐकते, एक वाक्य गेलं की गेलं. शिवाय रोज एपिसोड द्यायचा, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर चॅनेलची माणसं. त्यात पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः लिहिणारे पण होते म्हणून निदान पांडूच्या तोंडी तरी खरी मालवणी राहिली. पांडू इसरायचो पण बोली नाय इसारलो.

खाडीपलीकडे ताई, "मजा" शब्दाबद्दल तुम्ही बोललात ते दोन दिवस डोक्यात आहे. आमच्याकडे स्त्रीपार्ट पुरुषच करतात. एक जुने स्त्रीपार्टी आहेत, नाव सांगत नाही, त्यांना विचारलं की छळ होतो तो प्रवेश करताना काय वाटतं. म्हणाले, "समोर बायका रडतात तेव्हा मी थांबतो, आणि पुरुष हसतात तेव्हा वाढवतो." म्हटलं हसतात तेव्हा वाढवता? म्हणाले, "हसू थांबेपर्यंत." मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

रापणकर (मालवण)

लक्ष्मी निवासाचो विषय निघालोच हा तर माका एक बोलाचा हा. त्या जयंताच्या बायकोन, जान्हवीन, बोटीवरसून दर्यात उडी मारल्यान ना, त्या दिवशी आमच्या वाडीत जेवाण तसाच रवला. म्हणजे दुःखान नाय. भांडणान. माझो बापूस म्हणता ही वाचाची नाय, अंगार एवढो कपडो, भिजलो काय पाय बांधल्यासारखे होतत, आणि खोल पाण्यात माणूस दमान मरता, बुडान मागसून. बायको म्हणता हिरवीण हा, वाचतली. बापूस म्हणता हिरवीण असली म्हणान दर्या काय तिका ओळखता? मगे काकूस मध्ये पडली, भरती होती काय ओहोटी ता आधी सांगा. आता ता कोण सांगतलो, डायरेक्टराक ठावक नाय.

आणि असा बघा, जून-जुलैत उडी मारल्यान असती तर काढूक होडी पण नाय, 1 जून ते 31 जुलै इंजिनवाल्या होड्यांची मासेमारी बंद. त्या दिसांत आमका टीव्ही सोडून काय काम नसता, म्हणान सगळ्यात जास्त भांडणा आमी त्याच दोन महिन्यांत करतव.

जगली ती. बापूस अजून मानणा नाय. रोज बघता आणि रोज म्हणता, "ह्या भूत आसा."

गुरुवारची_वाट (सावंतवाडी)

रापणकर 😂😂 तुमच्या वडिलांचं हे ऐकून आता मी पण ती मालिका तशीच बघणार. जयंतला जी दिसते ती खरोखर भूत, असं धरून बघितलं तर जास्त पटते कथा.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

रापणकरांच्या घरी एक कॅमेरा लावा कोणीतरी. जयंतने नव्हे.

काजूबोंड (वेंगुर्ला)

एवढं सगळं लिहिलंत, खरंच आभार. काल रात्री परत लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर मोबाईल चार्ज केला आणि बसलो दोघी. मी मुद्दाम तुमचं सगळं आजीला वाचून दाखवलं. संकासुराचं ऐकून खूश झाली, म्हणाली लहानपणी आजगावच्या जत्रेत एकदा संकासुराने तिच्या हातातलं खाजं ओढून नेलं होतं, ते तिने अजून माफ केलेलं नाही. सातबाऱ्याचं वाचलं तेव्हा काही बोलली नाही, आतल्या खोलीकडे बघितलं फक्त. (आमच्याकडे पण आहे ते प्रकरण. असो.)

मग मी विचारलं, आजी तुला खरंच अण्णा आवडतो का? तर म्हणाली, "शिरा पडली तेच्या तोंडार. तेका कोण बघता?"

म्हटलं मग गोष्ट सगळी ठाऊक, अण्णा आवडत नाही, शेवंताला तर तू शिव्या घालतेस, मग तीन-तीनदा बघतेस काय तू? तर म्हणे, "माई जेवाक कधी बसता ता बघतंय."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगायला लागली. की बघ, सगळ्यांना वाढते, ह्याच्या ताटात भात, त्याच्या ताटात आमटी, ओरडते, रडते, परत चूल फुंकते, पण हिला जेवताना कोणी दाखवतच नाही गो, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं, म्हटलं पुढे कधीतरी दाखवतील. मग रिपीटला परत बघितलं, म्हटलं स्वयंपाक करताना माझं लक्ष नसेल, तेव्हा गेलं असेल.

आता मी पण तेच बघत बसलेय. कालपर्यंत बारा एपिसोड झाले, एकदा ताटावर बसल्यासारखी वाटली पण तेवढ्यात पांडू आला काहीतरी सांगायला आणि उठली. कोणी सगळा दुसरा सीझन नीट बघितला असेल तर सांगा हो, बसते का ती कुठे? आजीला सांगू नका, मला एकटीला सांगा.

पायपेटी (कुडाळ)

मी बघितलाय सगळा, पण हे लक्षात नाही. परत लावतो आज रात्री.

रापणकर (मालवण)

बायको म्हणता एकदा बसली होती. बापूस म्हणता नाय. आता झाला, आज पण जेवाण तसाच रवतला.